आवाज बंद, शाळा चालू

वर्षाराणीनं बोलणं बंद केलं त्याला येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी बरोबर नऊ दिवस झाले, आणि नऊ दिवसांत घरातल्या माणसांना एवढं कळलं होतं की आपल्या वस्तू आपल्यालाही सापडतात. सुरुवातीला तिचा नवरा वैजनाथ उठल्याबरोबर मोटरसायकलची चावी विचारायचा, सासरे अण्णाराव चष्मा विचारायचे, सासूबाई केवळाबाई चहापत्तीचा डबा विचारायच्या. वर्षाराणीचा हात गळ्यात अडकवलेल्या पाटीकडं गेला की विचारणारा ओशाळायचा आणि स्वतः शोधायला लागायचा. पाटी तिच्या लेकीची, शिवानीची, पहिलीतली. शिवानी आता सहावीत होती आणि आईचं लिहिलेलं लोकांना वाचून दाखवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यात ती पदरचंही घालायची. आईनं 'नको' लिहिलं की ती वाचायची, "आई म्हणते नको, आणि शिवानीला मोबाईल द्या."

लातूरच्या घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी आत घालून समोरच्या पडद्यावर वर्षाराणीला तिचा आवाज दाखवला होता. दोन पांढरट पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तसे हे ओरडून पडलेले घट्टे आहेत, असं ते म्हणाले. तीन आठवडे एक शब्द नाही, कुजबुजणंसुद्धा नाही. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर जुना आवाज परत मिळेलच याची हमी नाही.

ओरडणं चुकत नव्हतं. जळकोट तालुक्यातली त्यांच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, त्रेचाळीस मुलं, दोन खोल्या. दुसरे गुरुजी जूनमध्ये बदलून गेले ते गेलेच, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून वर्षाराणी डावीकडं पाढे सांगायची आणि उजवीकडं बाराखडी. दोन्ही खोल्यांचा मिळून जो गलका व्हायचा त्याच्यावर आपला आवाज चढवायचा, एवढंच तिचं दिवसाचं गणित उरलं होतं. सकाळी आठला शिष्यवृत्तीच्या चार पोरांचा जादा तास. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घरी. जेवताना पालकांचे फोन, जेवण झाल्यावर तालुक्याहून आलेले फॉर्म. दिवाळीनंतर शाळेचं फाटक दिसलं की ती बाहेरच थांबून चपलेचा पट्टा उगाच नीट करायला लागली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण शाळेच्या त्याच मधल्या दारावर अण्णारावांच्या सत्काराचं मानपत्र चौकटीत लावलेलं होतं. 'चौतीस वर्षांच्या सेवेत एकही किरकोळ रजा न घेतलेले आदर्श शिक्षक.' त्यातली बावीस वर्षं याच शाळेत. ती रोज त्या चौकटीखाली उभी राहून ओरडायची.

आता रजा शनिवारी संपत होती. इतके दिवस शेजारच्या गावचे एक गुरुजी येऊन पोरं सांभाळत होते, पण केंद्रप्रमुखांनी फोन करून सांगितलं होतं की यापुढं बदली शिक्षक देता येणार नाही. रजा वाढवली तर पोरांना ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत बसवावं लागेल, अडीच किलोमीटर चालत. वर्षाराणीला पुढचंही ठाऊक होतं. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीचा माणूस आत्ताच अकरा घरांत चहा पिऊन गेला होता. पोरं एकदा ओढ्यापलीकडं गेली की त्यातली निम्मी तरी परत यायची नव्हती.

काय करायचं ते येळवशीला रानात बसून ठरवू, असं अण्णारावांनी जाहीर केलं होतं.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत सगळं गाव रानात गेलं. येळवशीला लातूरकडच्या माणसाला घरात कोंडून ठेवलं तरी तो भिंत फोडून शेतात जाईल. जोंधळा कमरेच्या वर आला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते. कडब्याची खोपटासारखी कोपी करून तिच्यात चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा झाली. वैजनाथ आंबिलीचं गाडगं घेऊन पिकातून शिंपडत फिरला, शिवानी त्याच्या मागं ओरडत पळाली. सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, सगळं पोटाला तडस लागेपर्यंत झालं. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून बसवलं गेलं. एरवी बोलावण्याचं ते काम वर्षाराणीचं असायचं. या वेळी ती नुसती हात हलवत होती आणि लोक येत होते, हे तिला जरा नवलाचं वाटलं.

लातूरहून राजकन्या आली होती, अण्णारावांची थोरली लेक. ती एका मोठ्या क्लासमध्ये डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची. दिवसाला चार बॅच, एकेका बॅचमध्ये दीडशे पोरं. दिवाळीत विहिरीच्या पाइपलाइनवरून तिचं आणि वैजनाथचं जे वाजलं होतं, त्यानंतर बहीण-भाऊ आज पहिल्यांदाच एका चटईवर बसले होते, आणि जेवणं उरकून सगळे लिंबाच्या सावलीत आले तेव्हा दोघांचं चक्क एकमत निघालं.

वैजनाथनं सांगितलं की सहा महिन्यांची वैद्यकीय रजा टाकायची, आणि सरकारला ते पटत नसेल तर नोकरी सोडायची. खताचं दुकान आहे, रान आहे, बायकोच्या घशापेक्षा काही मोठं नाही. राजकन्या म्हणाली, अगदी बरोबर, पण वर्षानं घरी कशाला बसायचं, तिनं लातूरला यावं. त्यांच्या क्लासमध्ये आठवी-नववीची नवी बॅच निघतेय, दिवसाला तीन तास, थंडगार खोली, कॉलरला लावायचा माईक. शिवानीची शाळाही तिकडंच होईल. तिनं पिशवीतून एक डबी काढून वर्षाराणीच्या हातात ठेवली. त्यात तसलाच एक माईक होता. "सध्या हा तरी वापर," ती म्हणाली.

वर्षाराणी डबी हातात फिरवत राहिली. तिच्याविषयी बोलणं चालू होतं, पण तिला कुणी विचारत नव्हतं. आवाज गेल्यापासून लोक तिच्यासमोर तिच्याबद्दल असंच बोलायचे, जसं दवाखान्यात खाटेवरच्या माणसाबद्दल बोलतात.

मग अण्णाराव सरसावून बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा ताठ कण्याचा माणूस, धोतराला डाग चालायचा नाही. त्यांनी पान लावून तोंडात ठेवलं आणि सावकाश सुरुवात केली.

"भूकंपाच्या साली भिंतीत बसायचं भ्या वाटायचं लोकायला. चार महिने मी झाडाखाली शाळा भरवली. अंगात ताप घेऊन भरवली. घसा बसला म्हणून मास्तर घरी बसला, असं आमच्या येळंला कुनी ऐकलं न्हवतं." मग ते सुनेकडं वळले. "तू फिकीर करू नको. सोमवारपासून मी जातो शाळंत. ही शाळा ओढ्यापलीकडं जाऊ देणार न्हाई."

त्यांनी मायेनंच सांगितलं होतं, आणि तरी वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ती स्वतःला जे म्हणत होती तेच आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं होतं. त्यांना जमलं, मला जमलं नाही. तिनं पाटी पुढ्यात घेतली. टोमणा मारायचा असता तर तिला एका ओळीत मारता आला असता, पण तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तिनं लिहिलं आणि शिवानीकडं धरलं. शिवानीनं आईचा चेहरा बघितला आणि या वेळी पदरचं काही घातलं नाही. आई सासऱ्यांना मामा म्हणायची, तेही तिनं तसंच वाचलं.

"आई विचारते, मामा, तुम्हाला कसं जमलं?"

अण्णारावांनी घसा साफ केला. निष्ठा लागती, असं ते म्हणाले. सकाळी लवकर उठावं लागतं, मन मारावं लागतं. शिक्षकानं दिव्यासारखं जळावं लागतं. सत्काराच्या भाषणातलं तिसरं वाक्य चालू झालं तेवढ्यात गाडगं घासत बसलेल्या केवळाबाई खुदकन हसल्या.

पन्नास वर्षांच्या संसारात चारचौघांत त्या नवऱ्याच्या बोलण्यावर हसल्या नव्हत्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"हसायला काय झालं?" अण्णाराव म्हणाले.

"काय न्हाई. मला कशाला विचारता, दगडूला विचारा की."

दगडोबा शेजारच्या रानाचा मालक, पंचावन्नच्या पुढचा, दोन ट्रॅक्टर बाळगून असलेला माणूस. तो खिरीची दुसरी वाटी घेऊन बांधावर बसला होता. लहानपणी तो अण्णारावांच्या शाळेत होता. काय चाललंय याकडं त्याचं धड लक्ष नव्हतं. आज हवा गार हाय, असं सांगावं तितक्या सहज तो म्हणाला, "गुर्जी दुपारी झोपायचे."

"दगड्या," अण्णाराव म्हणाले.

दगडोबाला वाटलं, गुरुजी पुढं सांग म्हणतायत. त्यानं वाटी खाली ठेवली आणि भरभरून सांगायला लागला. दुपारची सुट्टी झाली की गुरुजी टोपी खुंटीला अडकवून वऱ्हांड्यात सतरंजीवर आडवे व्हायचे, अर्धा-पाऊण तास. त्या वेळात चौथीची पोरं दुसरीला पाढे द्यायची आणि तिसरीची पोरं पहिलीला अक्षरं. आवाज करायचा नाही, कारण गुरुजी उठतील. दगडोबा स्वतः तिसरीत दोनदा नापास झालेला. त्याला वाचताच येत नव्हतं.

"गुर्जी म्हनले, दगडू, ह्या चार पोरी तुझ्या. ह्यांला बाराखडी तू शिकवायची. आता मलाच येईना, तर पोरींला काय सांगू? मंग लाजंकाजं आधी मी शिकलो." त्यानं हात पुसले. "बँकंत मी अंगठा करत न्हाई, सही करतो. ती त्या झोपंची कमाई हाय."

शिवानी हसायला लागली आणि तिला थांबवायला कुणी नव्हतं, कारण वैजनाथही हसत होता. आता केवळाबाईंनी गाडगं बाजूला ठेवलं. एकदा सुरू झाल्या म्हणजे त्या अर्ध्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की या माणसानं चौतीस वर्षांत एक वही घरी आणली नाही. दिवसाला दहा वह्या, त्याही पोराला शेजारी बसवून, त्याच्यासमोर तपासायच्या. शाळा सुटली की सरळ घरी न येता या रानात यायचं, बैलाला पाणी पाजायचं, आणि अंधार पडायच्या आत घरी. शाळेचा विषय उंबऱ्याच्या आत काढायचा नाही असा दंडक होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर खडू दिसला तरी तोंड फिरवायचे.

"ताप आला की दगडूच्या वर्गाला सांगायचे, आज तुमी शिकवा, मी बगतो. असा रजा न घेता निभावला गडी," केवळाबाई म्हणाल्या. "मला ते लई शहाणपनाचं वाटायचं. मानपत्रात कसं आलं न्हाई, काय माहीत."

अण्णारावांचा चेहरा लाल झाला होता. ते उठून जातील असं वर्षाराणीला वाटलं. पण त्याआधी राजकन्या बोलली, आणि तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"अण्णा, मला हे कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं त्यात?"

"दहा वर्षं मी तापात शिकवलंय. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांत उभी राहिले. चौथ्या बॅचला पाय सुजतात, पट्टी बांधून उभी राहते. झोपेची गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाही मला. कुणी म्हटलं, मॅडम, जरा थांबा, की मी सांगते, माझ्या वडिलांनी चौतीस वर्षांत एक रजा घेतली नाही." ती थांबली. "आणि तुम्ही झोपत होतात."

वैजनाथनं पाण्याचा तांब्या बहिणीकडं सरकवला, दिवाळीनंतर पहिल्यांदा. वर्षाराणी थक्क होऊन नणंदेकडं बघत राहिली. थंडगार खोलीतली, माईक लावलेली, कधीही न थकणारी अक्का. तीही त्याच चौकटीखाली उभी होती तर. फक्त चौकट तिनं लातूरपर्यंत डोक्यावर वाहून नेली होती.

अण्णाराव तोंडातलं पान बाजूला थुंकून आले, परत बसले, आणि जे आजवर केवळाबाईंनाही माहीत नव्हतं ते सांगितलं. एकदा विस्तार अधिकारी न सांगता आले होते. अण्णाराव वऱ्हांड्यात गाढ झोपेत. अधिकारी वर्गात जाऊन पोरांच्यात बसले, अर्धा तास ऐकलं, आणि न उठवता निघून गेले. जाग आली तेव्हा शेरेबुक उघडं पडलेलं होतं.

"दोनच वाक्यं लिहिली व्हती. 'शिक्षक झोपलेले होते. शाळा चालू होती.' चाळीस वर्षं झाली, मला अजून समजलं न्हाई, त्यानं शिवी दिली का शाबासकी. नोकरी जाती का काय म्हणून महिनाभर अन्न गोड लागलं न्हाई. पुढं सत्कार झाला. रजा घेतली न्हाई, हे खरंच व्हतं. त्याच्यावर लोक रचत गेले, आन मी मान हलवत गेलो." त्यांनी लेकीकडं बघितलं नाही, सुनेकडंही नाही. "मला वाटायचं, झोपलो हे कळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरंल."

"शाबासकी होती, अण्णा," राजकन्या हळूच म्हणाली.

मग ती रडली आणि हसली, आणि केवळाबाईंनी तिला जवळ ओढलं, आणि दगडोबानं आपल्यामुळं काही बिघडलं का असं विचारत तिसरी वाटी घेतली.

वर्षाराणी लिहीत होती. पाटी लहान पडत होती. ती लिहायची, शिवानी वाचायची, ती पुसायची. मी सोमवारी शाळेत जाणार. बोलणार नाही. वैजनाथ मध्ये बोलायला गेला, तिनं हात वर केला आणि तो थांबला. नऊ दिवसांत तिला एक कळलं होतं, हात वर केला की माणसं आवाजापेक्षा लवकर थांबतात. सकाळचा जादा तास बंद, ती चार पोरं शाळेच्या वेळेतच बाकीच्यांना शिकवतील आणि स्वतः पक्की होतील. वह्या घरी येणार नाहीत. पालकांचे फोन सहानंतर उचलायचे नाहीत. मामांनी रोज दोन तास यावं, पोरांना गोष्ट सांगायला आणि वाचून दाखवायला. जास्त नाही.

शेवटी तिनं माईकची डबी सासऱ्यांपुढं ठेवली. अण्णारावांनी ती परत सरकवली. आपल्याला असली यंत्रं लागत नाहीत, आपला आवाज वेशीपर्यंत जातो, असं त्यांनी सांगितलं. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तेवढा मान ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती.

सोमवार काही सोपा गेला नाही. गळ्यात पाटी अडकवलेल्या मॅडमकडं त्रेचाळीस पोरं पाच मिनिटं कुतूहलानं बघत राहिली आणि मग त्यांना कळलं की आता आपल्यावर कुणी ओरडू शकत नाही. पहिलीत दोघं एकमेकांच्या उरावर बसले. तिसरीचा अर्धा वर्ग हौदाकडं गेला. वर्षाराणीच्या घशात शब्द येऊन धडकत होते आणि ती दात आवळून फळ्यावर लिहीत होती. दुपारच्या खिचडीपर्यंत तिला वाटलं, आपण घरी जावं. अण्णाराव दोन तासांसाठी आले होते, त्यांनी ती सगळी दंगल बघितली आणि वेशीपर्यंत जाणारा आवाज काढला. पोरं गप्प बसली. दहा मिनिटांनी परत तेच.

खिचडीनंतर तिनं फळा मधोमध रेघ मारून दोन भाग केला आणि चौथीतल्या बुद्धप्रियाच्या हातात खडू दिला. ही मुलगी अक्षर सुंदर काढायची, पण उभी राहून बोलायची वेळ आली की जमिनीकडं बघायची. वर्षाराणीनं पाटीवर लिहिलं, 'मी लिहीन, तू वाच. तू माझा आवाज.' बुद्धप्रियानं पहिलं वाक्य इतकं हळू वाचलं की मागच्यांना ऐकू आलं नाही. मागच्यांनी पुढच्यांना गप्प केलं. दुसरं वाक्य ऐकायला खोली आपोआप शांत झाली. वर्षाराणीनं दरवाजाला टेकून हे बघितलं. सहा महिने ती वर्गावर आवाज चढवत होती आणि वर्ग तिच्या आवाजावर चढत होता, हे तिच्या इतके दिवस ध्यानातच आलं नव्हतं.

मंगळवारी बरं गेलं. बुधवारी त्याहून बरं. चौथीच्या पोरांनी पहिलीचे गट वाटून घेतले आणि आपापल्या गटाविषयी इतके अभिमानी झाले की सुट्टीत एकमेकांच्या पोरांची परीक्षा घ्यायला लागले. वर्षाराणी एकेका मुलाशेजारी बसायची, वही बघायची, बोट ठेवून चूक दाखवायची. कित्येक मुलांच्या शेजारी ती या वर्षी पहिल्यांदाच बसत होती. एकाला चष्मा लागलाय हे तिला तेव्हा कळलं. एकीला हातचा ठेवायचा कुठं हेच माहीत नव्हतं, आणि जूनपासून ती सगळ्या बेरजा शेजारणीच्या बघून लिहीत होती.

गुरुवारी अण्णारावांचा आवाज गेला. तीन दिवस त्यांनी राक्षसाच्या, वाघाच्या आणि राजाच्या आवाजात गोष्टी सांगितल्या होत्या, माईक न लावता. त्या संध्याकाळी घरात दोन शिक्षक समोरासमोर जेवायला बसले, दोघांच्याही गळ्यात पाटी. केवळाबाईंनी कोमट पाणी दिलं आणि एवढी शांत भाकरी पन्नास वर्षांत खाल्ली नाही, असं म्हणाल्या. शुक्रवारी अण्णाराव कॉलरला माईक लावून शाळेत गेले.

केंद्रप्रमुख दुसऱ्या आठवड्यात येऊन गेले. त्यांनी वर्गात चहा घेतला, रजा वाढवायचा कागद फाइलमधून काढून टाकला आणि जूनमध्ये दुसऱ्या शिक्षकासाठी वर लिहितो म्हणाले. लिहितील का नाही, ते जूनमध्ये कळणार होतं. पिवळ्या गाडीत दोन घरांची पोरं गेली. नऊ घरांची राहिली. राजकन्येचा लातूरहून फोन आला, वर्षाराणीनं तो ऐकायचा आणि शिवानीनं उत्तर द्यायचं अशी रीत पडली होती. राजकन्येनं सांगितलं की एक तारखेपासून तिनं दोनच बॅच ठेवल्यात, क्लासच्या मालकानं तोंड वाकडं केलं आणि मग कबूल केलं. परवा ती दुपारी गोळी न घेता झोपली, आणि उठल्यावर तिला आधी कळेचना की आपण कुठं आहोत. पाइपलाइनचं मात्र बहीण-भावात अजून काही ठरलेलं नाही.

तीन आठवडे संपले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी निम्म्यावर आल्या होत्या. आता तासाला पाच मिनिटं बोला, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, आणि शाळेत आवाज चढवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. दवाखान्यातून निघताना वर्षाराणी वैजनाथला "चला" म्हणाली. आवाज थोडा घोगरा होता, पण तिचाच होता. वैजनाथ गाडी चालू करायचं विसरून तिच्याकडं बघत राहिला. बाकीची चार मिनिटं तिनं सासूला आणि लेकीला फोनवर दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मॅडम बोलणार, ही खबर तिच्या आधी पोचली होती. पोरांच्यात पैज लागली होती. बुद्धप्रियानं मॅडमना बाजूला घेऊन ती सांगितली. चौथीतले निम्मे म्हणत होते की मॅडमचा पहिला शब्द 'गप्प' असणार. दुसरे म्हणत होते, 'हजेरी'. एक जण 'खिचडी'वर अडून बसला होता.

वर्षाराणी मधल्या दारात आली. दोन्ही खोल्या श्वास धरून बसल्या होत्या, त्रेचाळीसही तोंडं तिच्याकडं. सहा महिने जी शांतता तिला ओरडून मिळाली नव्हती ती आज फुकट मिळाली होती, आणि तिला ती नकोशी झाली.

"बोला," ती म्हणाली.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पैज कोण जिंकलं तेच कुणाला कळेना. मग पहिलीतल्या एका मुलीनं बाकावरून हात वर केला. पहिलीचा आपसात असा समज झाला होता की ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, म्हणून मॅडम शाळेत परत आल्यापासून त्यांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ती उठून उभी राहिली, तोंड मोठं उघडून तिनं पुढची खिंड दाखवली.

"मॅडम, माजा दात पडलाय. लई दिवस झाले. आमची शेळीबी व्याली."

आणि मग सगळीच बोलायला लागली.

वर्षाराणीनं खुर्ची दारात ओढून घेतली आणि ती बसली. पाच मिनिटांतली चार अजून शिल्लक होती. तिनं त्या मुलीला विचारलं, "किती पिल्लं झाली?"